संक्रांतीच्या फोटोत काळी साडी डांबरासारखी दिसतेय? रॉ फाइलमधल्या शॅडो सोडवताना मी काय काय तपासते

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत माझ्याकडे घरोघरून एकच तक्रार येते. नव्या सुनेचा पहिला सण, अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, फोटो गच्चीवर काढलेला, आणि लॅपटॉपवर उघडून बघतात तर साडीच्या जागी नुसता काळा आकार. निऱ्या नाहीत, बुट्ट्या नाहीत, काठाची जर तेवढी कुठेतरी चमकतेय. मग एडिटिंगमधला शॅडोजचा, म्हणजे गडद भाग उजळवायचा, स्लायडर शंभरवर नेतात आणि साडीतून जांभळे-हिरवे दाणे वर येतात. मी गेली आठ-नऊ वर्षं लोकांच्या अशा फाइली सोडवतेय, आता क्रम ठरून गेलाय, तो इथे लिहून ठेवते.

आधी लक्षणं बघा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

साडी एकसंध काळी दिसते, पण तोच फोटो मोबाइलवर पाहिला की निऱ्या दिसतात.

फोटो उघडल्यावर क्षणभर छान दिसतो आणि दोन सेकंदांत काळवंडतो किंवा फिका पडतो.

शॅडो वर केल्या की साडी राखाडी होते, धुवट, जणू दहा वेळा वॉशिंग मशीनमधून काढलीय.

शॅडो वर केल्या की रंगीत दाणे येतात, कोपऱ्यांत जास्तच.

आडव्या किंवा उभ्या रेघा दिसतात.

स्लायडर हलवायच्या आधीच काळा रंग काळा नाही, सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा आहे.

हे सगळं का होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची खटपट कशासाठी ते कळणार नाही. काळं कापड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम तीन-चार टक्के परत पाठवतं, पांढरा हलवा ऐंशी-नव्वद टक्के. म्हणजे एकाच उजेडात असूनही दोघांत साधारण साडेचार स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि साडीच्या निऱ्यांच्या आतली सावली आणखी दोन-तीन स्टॉप खाली. त्यात मागे उजळ आकाश असेल तर कॅमेरा त्यालाच घाबरतो आणि सगळा फोटो अंडर मारतो, म्हणजे हवा त्यापेक्षा गडद काढतो. पांढऱ्यावर काळं आणि काळ्यावर पांढरं, घरच्या घरी याहून कठीण फोटो शोधून सापडणार नाही.

तर पहिली तपासणी फुकटातली, स्क्रीन. यावर हसू नका, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची फाइल ठणठणीत असते आणि स्क्रीनच शॅडो गिळत असतो. लॅपटॉपची ऑटो ब्राइटनेस बंद करा, नाइट लाइट बंद करा, खिडकीतलं ऊन स्क्रीनवर पडत असेल तर पडदा ओढा. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पट्टीवर ५, १०, १५, २० या व्हॅल्यूचे (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) राखाडी चौकोन काढा. १० चा चौकोन दिसत नसेल तर तुम्ही साडीचं एडिटिंग करत नाही आहात, अंदाज बांधताय. स्वस्त लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये मान थोडी वरखाली केली तरी काळ्याचा राखाडी होतो, तसं होत असेल तर निदान दर वेळी एकाच कोनातून बघा. आणि टीव्ही किंवा बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने लावला असेल तर एक गोष्ट नक्की बघा, ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज फुल आहे की लिमिटेड. कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ समजतोय, असं झालं की १६ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात जातं. चंद्रकळेच्या निऱ्या नेमक्या तिथेच राहतात. दोन्हीकडे एकच रेंज ठेवली की काम झालं, पैसे शून्य.

दुसरं, जी फाइल उघडलीय ती रॉच, म्हणजे सेन्सरची कच्ची मूळ फाइलच, आहे ना? रॉ आणि जेपीजी दोन्ही सेव्ह होत असतील तर घाईत जेपीजी उघडला जातो, नावं सारखीच असतात, शेवटची अक्षरं तेवढी वेगळी. एनईएफ, सीआर३, एआरडब्ल्यू, आरएएफ असं काहीतरी दिसलं पाहिजे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल तर नकोच. जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपीजीत कॅमेऱ्याने साडी एकदा शून्यावर दाबली की तिथे उचलायला काही उरतच नाही. रॉ असेल तर अजून आशा आहे.

तिसरं, सगळे स्लायडर शून्यावर आणा. रीसेट. इथे कितीतरी जणांचा प्रॉब्लेम संपतो, कारण इम्पोर्ट करताना कुठलातरी लग्नाचा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंगचा संच, आपोआप लागत असतो, ज्यात ब्लॅक्स उणे चाळीस, कॉन्ट्रास्ट अधिक, कर्व्हचा खालचा भाग दाबलेला आणि वर व्हिन्येट, म्हणजे काळवंडलेले कोपरे. असा प्रीसेट गोऱ्या भिंतीवरच्या जोडप्यासाठी बनवलेला असतो, काळ्या साडीला तो मारक. रीसेट केल्यावर प्रोफाइलही, म्हणजे सॉफ्टवेअर रॉला सुरुवातीला जे रंग-कॉन्ट्रास्ट देतं तेही, बघा. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडल्यावर आधी दिसतो तो कॅमेऱ्याने फाइलमध्ये चिकटवलेला छोटा जेपीजी असतो, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या प्रोफाइलने रॉ उलगडतं, म्हणून फोटो दोन सेकंदांत बदलतो. डिटेल गेलेलं नसतं, फक्त वाढलेलं ताट बदललं. न्यूट्रल किंवा फ्लॅट प्रोफाइल लावून बघा, शॅडोत किती माल आहे ते लगेच कळतं.

इथे एक चाचणी करा, पुढचा सगळा वेळ वाचेल. एक्स्पोजर पूर्ण अधिक पाचवर न्या. चेहरा, आकाश सगळं पांढरं होईल, होऊ दे. फक्त साडीकडे बघा. दाण्यांच्या गर्दीतूनही विणीची दिशा, निरीची कड, बुट्टीचा गोल दिसतोय का? दिसत असेल तर काम होणार. तिथे नुसतेच दाणे सैरावैरा असतील आणि आकारच नसेल तर फाइलमध्ये काही नाही, कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या.

आता स्लायडरचा क्रम, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण सगळे थेट शॅडोजवर उडी मारतात. फोटो मुळात अंडर असेल तर आधी एक्स्पोजर वर करा, शॅडोज नाही. चेहरा बरोबर दिसेपर्यंत एक्स्पोजर वाढवा, मग हलवा आणि आकाश उजळले असतील तर हायलाइट्स खाली ओढा. हलव्यावर काटे असतात, तेच माझं माप, दागिन्याच्या एका दाण्यावर झूम करा, काटे सुटे दिसले पाहिजेत. ते जुळलं की मग शॅडोज ३० ते ५०, त्याहून जास्त क्वचित. शॅडोज शंभरवर नेला की साडी आणि आकाश यांच्या कडेला उजळ वलय येतं आणि कापड राखाडी पडतं. त्यानंतर ब्लॅक्स थोडासा खाली, अल्ट की दाबून स्लायडर ओढलात तर कुठला भाग पूर्ण काळा होतोय ते दिसतं, निऱ्यांच्या अगदी खोल फटी काळ्या राहिल्या तर राहू द्या. काळी साडी काळीच दिसली पाहिजे, तिच्यातली वीण दिसली पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात, आणि त्यासाठी तळाला खरा काळा रंग लागतोच. सगळं वर उचललं तर नजरेला काळ्याचा आधारच राहत नाही.

यापुढे जमत नसेल तर पूर्ण फोटोवर नाही, साडीपुरता मास्क करा, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागतो. मास्कमध्ये एक्स्पोजर अर्धा स्टॉप, टेक्स्चर १५-२०, बास. डीहेझ अजिबात नको, तो शॅडो आणखी दाबतो. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, त्यातलं टोन इक्वलायझर हे मॉड्यूल शॅडो उचलताना कापडाचा आतला कॉन्ट्रास्ट फार छान जपतं, शिकायला एखादा रविवार जातो पण जाऊ दे.

जांभळट रंगाचं काय? तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा. गच्चीवर सावलीत उभं राहिलं की साडीवर निळं आकाश पडतं, ती निळाई खरीच असते, मास्कमध्ये सॅच्युरेशन उणे ३० केलं की बसते. दुसरं, रंगीत दाणे, म्हणजे नॉइज, त्याला कलर नॉइज रिडक्शन. तिसरं फार कमी लोकांना माहीत असतं. काही काळी सिंथेटिक कापडं डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फेकतात, आणि सेन्सरपुढचा फिल्टर कमजोर असेल तर कॅमेऱ्याला ते कापड जांभळट किंवा तपकिरी दिसतं. २००६ साली आलेला लायका एम ८ हा कॅमेरा याच कारणासाठी गाजला होता, काळे कोट जांभळे यायचे, शेवटी कंपनीने लेन्सवर लावायचे फिल्टर दिले. पिवळ्या हॅलोजनखाली हे जास्त होतं. ओळखायची खूण अशी की सुती ब्लाउज काळा दिसतो आणि त्याच उजेडातली सिंथेटिक साडी जांभळी. हा नॉइज नाही, नॉइज रिडक्शन कितीही लावा जाणार नाही, मास्क करून रंगच कमी करावा लागतो.

दाण्यांकडे येते. सेन्सरवर प्रकाश थेंबाथेंबाने पडतो, पावसासारखा. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन आले तर त्यात साधारण १०० चा वरखालीपणा असतो, म्हणजे एक टक्का, डोळ्यांना कळतही नाही. १०० च फोटॉन आले तर वरखालीपणा १० चा, म्हणजे दहा टक्के, हेच ते दाणे. शॅडो उचलताना आपण प्रकाश वाढवत नाही, आहे तो वरखालीपणा मोठा करून बघतो. पायऱ्यांचा हिशोबही तसाच. १४ बिटच्या १६,३८४ पायऱ्यांपैकी अर्ध्या, ८,१९२, सगळ्यात उजळ एका स्टॉपलाच जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, असं अर्धं अर्धं होत जातं. हलवा सगळ्यात वरच्या स्टॉपमध्ये बसवला तर साडी पाचव्यात, ५१२ पायऱ्यांवर, आणि निऱ्यांची सावली आठव्यात, ६४ वर. आता तोच फोटो दोन स्टॉप अंडर काढला तर निऱ्यांना उरतात १६. सोळा पायऱ्यांत चंद्रकळेची वीण कशी मावणार?

म्हणून नॉइजवर उपाय करताना अपेक्षा बेताची ठेवा. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज खरोखर चांगलं आहे, मी रोज वापरते, पण ३०-४० च्या आसपास. शंभरवर नेलं की कापडाचं प्लॅस्टिक होतं. कोपऱ्यांतच दाणे जास्त असतील तर लेन्स करेक्शनमधलं व्हिन्येटिंग कमी करून बघा, कारण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे मुळात एक-दोन स्टॉप काळे असतात आणि सॉफ्टवेअर ते गुपचूप उचलतं, वर तुम्ही शॅडो उचलता, म्हणजे कोपऱ्यातल्या पदरावर दुहेरी भार.

एवढं करून दर फोटोला तोच त्रास असेल तर कॅमेऱ्याची सेटिंग बघायची वेळ आली. रॉ १२ बिटवर आहे का बघा, १४ चा पर्याय असेल तर तो घ्या. लॉसी कॉम्प्रेस्ड, म्हणजे थोडी माहिती टाकून दाबलेली, रॉ असेल तर अनकॉम्प्रेस्ड किंवा लॉसलेस निवडा. काही कॅमेरे सायलेंट शटर लावला की आपोआप १२ बिटवर उतरतात, ते मेन्यूत ठळकपणे सांगत नाहीत. हायलाइट टोन प्रायॉरिटी, डीआर ४००, अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग असे मोड बंद ठेवा, कारण अशा मोडमध्ये कॅमेरा मुद्दाम कमी एक्स्पोजर घेऊन जेपीजीत सावल्या उचलून दाखवतो, स्क्रीनवर छान वाटतं आणि रॉ अंधाराच राहतो. घरात कमी उजेडात काढत असाल तर आपल्या कॅमेऱ्याचा दुसरा गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाढवायची दुसरी पायरी, कुठल्या आयएसओला सुरू होते ते माहीत करून घ्या, सोनी ए७ ३ वर ती आयएसओ ६४० ला सुरू होते, तिथल्या शॅडो ५०० पेक्षा स्वच्छ येतात, ऐकायला उलटं वाटतं पण करून बघा.

आणि मोजमाप हलव्यावर करा. स्पॉट मीटर हाराच्या पांढऱ्या भागावर, एक्स्पोजर अधिक दोन, ब्लिंकिंग (जास्त उजळ भाग लुकलुकून दाखवणारी सेटिंग) चालू. दागिने लुकलुकायला लागले की तिसरा हिस्सा स्टॉप खाली. मागचं आकाश गेलं तर जाऊ द्या, सण साडी आणि दागिन्यांचा आहे. बाजूने एक पांढरी चादर किंवा धुतलेलं धोतर कोणालातरी धरून उभं करा, समोरून नाही, बाजूने, तिरप्या उजेडात विणीला उठाव येतो. याला एक रुपया लागत नाही आणि सावलीत एक स्टॉप सहज मिळतो. नवी सून शांत उभी राहणार असेल तर उणे दोन, शून्य, अधिक दोन अशा तीन फ्रेम घेऊन एचडीआर मर्ज करता येतं, म्हणजे तिन्ही जोडून एक फोटो. बोरन्हाणाला मात्र हा नाद करू नका, डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडताना मूल एका जागी बसेल कसं.

गेल्या संक्रांतीला माझ्या मावसबहिणीच्या फोटोंचं असंच झालं. पत्र्याच्या शेडखाली उभी, मागे भर दुपारचं आकाश, आयएसओ १००, एफ ४, वेग १/१०००. शेडखालच्या उजेडाला १/२०० हवा होता, म्हणजे दोन स्टॉपहून जास्त अंडर. एक्स्पोजर अधिक २.२, हायलाइट्स उणे ८०, शॅडोज ३५, ब्लॅक्स उणे १२, साडीवर मास्क आणि डीनॉइज ४०. कमरेपर्यंत बुट्ट्या सुंदर सुटल्या. गुडघ्याखालच्या निऱ्यांत काही निघालं नाही, तिथे काळं राहू दिलं. तिने विचारलं की एआयने निऱ्या भरून घेता येतील का. येतात, पण मी केलं नाही, ती साडी तिच्या आजीची आहे, त्यातली प्रत्येक बुट्टी कोणीतरी मागावर घातलेली, तिथे मशीनने कल्पनेतली वीण काढायची हे मला पटत नाही.

रेघांचं वेगळं. घरातल्या एलईडीखाली आडवे पट्टे येत असतील आणि दर फ्रेमला जागा बदलत असतील तर तो दिव्यांचा लुकलुकाट आहे, आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. रेघा दर वेळी त्याच जागी असतील तर लेन्सला झाकण लावून आयएसओ १०० वर एक फ्रेम घ्या आणि एक्स्पोजर अधिक तीन करून बघा. ५डी मार्क २ किंवा मार्क ३ सारख्या कॅननच्या जुन्या बॉडीत कमी आयएसओच्या शॅडो तीन स्टॉप उचलल्या की थोड्या रेघा येतातच, ती त्या पिढीच्या सेन्सरची मर्यादा, २०१६ च्या ८०डी आणि ५डी मार्क ४ पासून ते खूप सुधारलं.

दुधाळ पडद्यासाठी आधी फिल्टर काढून फोटो घ्या, मग लेन्स पुसा, मग अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला ती हमखास लागते, आणि सगळीकडे प्रकाश पसरवून काळ्याचा काळेपणाच घालवते. स्लायडरने याचं काही होत नाही.

आता थांबायचं कधी. बुरशी दिसली की थांबा, लेन्स स्वतः उघडू नका, यूट्यूब बघून तर नाहीच, सर्व्हिसवाल्याकडे द्या, आणि तोवर ती लेन्स बाकीच्यांबरोबर एका बॅगेत ठेवू नका. झाकण लावलेल्या फ्रेममध्ये नव्या बॉडीलाही त्याच जागी ठळक रेघा दिसल्या तर सर्व्हिस सेंटर, ती फ्रेम पेन ड्राइव्हवर सोबत न्या म्हणजे वाद होत नाही. अल्बम छापायचा असेल आणि स्क्रीन कधी कॅलिब्रेट केलेला नसेल तर एक दिवस कॅलिब्रेटरवाल्याला बोलवा, १०० ते १२० कँडेलाच्या आसपास ब्राइटनेस लावून घ्या, आणि लॅबकडून आधी एक ४ बाय ६ ची टेस्ट प्रिंट मागा, कागदावर शॅडो स्क्रीनपेक्षा नेहमी जड येतात. अधिक पाचच्या चाचणीत काहीच दिसलं नाही तर तिथेही थांबा, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दाणे तिथे खटकत नाहीत.

आणि घरातला तो एकच फोटो असेल, पुन्हा काढता येणार नसेल, तर चांगल्या रिटचरकडे द्या. देताना मूळ रॉ फाइल द्या, तुमचं एडिट केलेलं जेपीजी नाही. सोबत त्याच साडीचा आज खिडकीजवळ काढलेला एक फोटो द्या, घडी उलगडून, काठ आणि दोन बुट्ट्या जवळून दिसतील असा.